ऐकून घेणारे साहेब

ही हकिगत माझ्या ताईची आहे. मी तिचा धाकटा भाऊ. लहानपणी मी अखंड बडबडायचो म्हणून तिनंच माझं नाव पोपट पाडलं, आणि आता दवाखान्यातल्या नर्सही मला त्याच नावानं हाक मारतात. माझ्या दोन्ही किडन्यांनी ऐन चाळिशीत राजीनामा दिला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात जातो, तळमजल्यावरच्या खोलीत डायलिसिसच्या मशीनला हात जोडून चार तास पडून राहतो, आणि घरी येऊन मेल्यासारखा झोपतो. उरलेल्या दिवशी पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. घर ताईच्या पगारावर चालतं. ती बेकरीत पाव करते. पहाटे जाते, दुपारी पिठानं पांढरी झालेली परत येते. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, ते मला ठाऊक आहे, आणि तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

एक दिवस मशीनच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. हा विभाग बंद होणार, मशिनी मोठ्या शहरातल्या नव्या इस्पितळात हलवणार. मोठं शहर म्हणजे जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, आणि मधे मशीन. ज्याला दोन जिने चढवत नाहीत, त्यानं हे आठवड्यातून तीनदा करायचं. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या आजींनी कागद मला वाचायला लावला, ऐकला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. डॉक्टर म्हणाले, आमच्या हातात काही नाही, वरून आलंय. आमदारसाहेबांना भेटा. त्यांनी विधानसभेत विषय काढला तरच काही होईल.

ताईनं त्याच आठवड्यात बेकरीतून परस्पर आमदारांचं कार्यालय गाठलं.

कार्यालयाची इमारत दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. मुख्य रस्त्याच्या बाजूला रुंद दार, पाटी, आणि आत लोकांनी बसायचा मोठा हॉल. बोळाच्या बाजूला दुसरं दार, त्याला पाटी नाही, फक्त एक सुरक्षारक्षक. बोळात गाड्या येऊन थांबायच्या, गाडीतली माणसं त्या दारानं आत जायची आणि थोड्या वेळानं हसत बाहेर पडायची. हे सगळ्या गावाला दिसायचं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही कुणाला वाटत नसे. मोठ्या माणसांचं मोठं दार, एवढंच.

ताई मुख्य दारानं गेली. साहेबांच्या पीएनं नाव-काम विचारलं आणि बसायला सांगितलं. पीए म्हणजे गुळगुळीत दाढीचा, हळू बोलणारा माणूस. हॉलमध्ये बरीच माणसं होती. भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद करून ठेवलेला. ताईला पहिल्यांदा काही खटकलं असेल तर ती तिथली शांतता. बँकेच्या रांगेतसुद्धा माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. इथं कुणी घड्याळ बघत नव्हतं, कुणी कुणाच्या पुढे घुसत नव्हतं. कुणी कुरकुरतही नव्हतं. सगळे मांडीवर हात ठेवून टोकाच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यातून माणूस बाहेर आला की त्याचा चेहरा ताप उतरल्यासारखा दिसायचा. तो कुणाकडे न बघता सरळ निघून जायचा आणि पुढचा उठायचा.

ताईच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या वस्तीला शाळेशी जोडणारा ओढ्यावरचा लहान पूल पडला होता आणि मुलं पाण्यातून जात होती. ताईनं विचारलं, काम होतं का इथं? बाई म्हणाल्या, "साहेब फार छान ऐकून घेतात." ताईच्या पलीकडे एक चष्मेवाले काका होते. खाणीतल्या सुरुंगांनी त्यांच्या घराला तडे गेले होते. त्यांनीही मान डोलावली. ऐकून घेतात, ते म्हणाले. तेच शब्द, तसाच सूर.

ताईचा नंबर आला. पडद्यामागे एक लहान खोली होती. खिडकीला जाड पडदे, वर एक ट्यूबलाइट, मधे टेबल. टेबलावर काही नव्हतं, पेनसुद्धा नाही. पलीकडे साहेब बसले होते, पोस्टरवर असतात तसेच. झुपकेदार मिशा, सोनेरी काडीचा चष्मा, पांढरा शर्ट. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते आणि ते ताईकडे बघत होते.

ताई कमी बोलणारी. तिनं रस्त्यात दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती. ती म्हणून झाली, पण साहेब तसेच बघत राहिले. मग तिच्या तोंडून तिसरं वाक्य निघालं, मग चौथं, आणि मग तिला थांबता येईना. माझं आजारपण, बेकरीतली भट्टी, आई गेली तो दिवस, सगळं. माझ्या डाव्या हातात मशीनसाठी शीर जोडून ठेवली आहे, तिच्यावर बोट ठेवलं की बोटाला घरघर जाणवते. ती घरघर चालू असणं म्हणजे सगळं ठीक असणं. मी झोपलो की ताई त्या शिरेवर बोट ठेवून बसते, हे मला माहीत नव्हतं. तिनं ते साहेबांना सांगितलं.

ती थांबली तेव्हा साहेब पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, "भाऊ झोपला की तुम्ही त्याच्या हातावर बोट ठेवून बसता. घरघर जाणवली की मगच भाकरी खाता."

ताई म्हणते, आवाज पुरुषाचाच होता, पण बोलणं तिचं होतं. तिचा हेल, ती जिथं अडखळते तिथं अडखळणं. तिच्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी तिला इतकं हलकं वाटलं की उठताना टेबल धरावं लागलं.

घरी आल्यावर तिनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, माणूस आहे की टेपरेकॉर्डर? ती हसली नाही. उलट तिनं त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी आरशात बघून वेणी घातली.

त्यानंतर ती जातच राहिली. प्रत्येक वेळी साहेब तिला मागच्या वेळचं सगळं आठवून सांगायचे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. प्रत्येक वेळी ती हलकी होऊन यायची. आणि दवाखान्यात काहीही बदलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आमदारांकडून पत्र नाही, फोन नाही, चौकशीसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या एका मशीनची वायर काढून तिच्यावर चादर टाकली गेली. ती चादर मला पलंगावरून दिसायची. मी ताईला म्हणालो, तुझे साहेब ऐकतात कुठल्या कानानं? ती चिडली. तू गप्प बस, म्हणाली, ते करतील. पण तिच्या चेहऱ्यावर आता हॉलमधल्या माणसांचा तो उतरल्या तापाचा शांतपणा दिसायला लागला होता, आणि मला तो आवडत नव्हता. ती स्वयंपाक करताना पातेल्याकडे बघत उभी राहायची. मी काही सांगितलं तर नुसती मान डोलवायची. माझ्याशी भांडायची थांबली, तेव्हा मात्र मी घाबरलो.

मग तो दिवस आला. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. ताई हॉलमध्ये बसली होती, नंबर पुढचाच होता. भिंतीवरच्या टीव्हीवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लागलं होतं, नेहमीसारखं बिनआवाजी. कॅमेरा फिरला आणि टीव्हीवर साहेब दिसले. उभे राहून बोलत होते. खाली त्यांचं नाव, आणि 'थेट' असा लाल शब्द. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधलेली होती, ते हात उंचावून काहीतरी ठासून सांगत होते.

खोलीच्या दाराचा पडदा सरकला. पीए हळू आवाजात म्हणाला, "या ताई. साहेब वाट बघताहेत."

ताईनं टीव्हीकडे बघितलं. मग हॉलकडे बघितलं. बाई टीव्हीच बघत होत्या. चष्मेवाले काकाही. कुणाची पापणी हलली नाही.

तिच्या जागी मी असतो तर पळालो असतो. ताई आत गेली.

साहेब नेहमीच्या जागी होते. हात टेबलावर पालथे, बोटांना पट्टी नाही. ते ताईकडे बघत होते. ती बसली नाही. तिनं रिकाम्या खुर्चीची पाठ धरली. शेवटी ती म्हणाली, "साहेब तिकडं सभागृहात बोलताहेत. मग तुम्ही कोण?"

त्यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ताई म्हणते, तेव्हा तिला कळलं की हा माणूस आपला आवाज शोधतोय. इतक्या लोकांच्या आवाजांतून स्वतःचा कुठला ते त्याला सापडत नाहीये. सापडला तेव्हा तो आवाज अगदी साधा, जरा चिरका होता.

त्यांनी सांगितलं ते असं. ते एका फर्निचरच्या दुकानात विक्रेते होते. चेहरा साहेबांशी मिळायचा, गिऱ्हाइकं थट्टा करायची. निवडणुकीत त्यांना बोलावून घेतलं, मिशा वाढवायला सांगितल्या, आणि दुसऱ्या गाडीत बसवून हात हलवायला लावला, म्हणजे साहेब एकाच वेळी दोन भागांत दिसतील. साहेब निवडून आल्यावर कुणीतरी युक्ती काढली. लोकांना भेटायला वेळ नाही आणि भेटलं नाही तर ओरड होते, तर यांनाच बसवा. काही कबूल करायचं नाही, काही नाकारायचं नाही. नुसतं ऐकायचं. सुरुवातीला ते सगळं लक्षात ठेवून साहेबांना जाऊन सांगायचे. साहेब आधी अर्धं ऐकायचे, मग पाव, मग एक दिवस म्हणाले, पुन्हा हे घेऊन येऊ नका.

"मग ते जातं कुठं?" ताईनं विचारलं. "आम्ही सांगतो ते?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथंच आहे. सगळं."

आणि ते बोलायला लागले. चष्मेवाल्या काकांचा खोकला आला आणि त्यामागून त्यांचा तडा गेलेला माजघराचा कोपरा. मग बाई आल्या, ओढ्यातून वाहत गेलेली एका मुलाची पाटी घेऊन. मग ताईच्या ओळखीची नसलेली माणसं, एकामागून एक, बायका, म्हातारे, एक तोतरा बोलणारा माणूस. ओठ त्या एकाच माणसाचे, पण चेहरा दर वाक्याला जरा जरा सरकत होता. ताईनं शेवटी स्वतःच्या कानांवर हात ठेवले. तेव्हा ते थांबले. घरीसुद्धा असंच होतं, ते म्हणाले. त्यांची बायको माहेरी निघून गेली होती. जाताना म्हणाली, या घरात कोण कोण राहतं तेच मला कळेनासं झालंय.

ताई बाहेर आली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली. पीए तेव्हा फोनवर बोलत रस्त्यावर गेला होता. तिनं सगळ्यांना सांगितलं. आत आहेत ते साहेब नाहीत. आपलं बोलणं कुणापर्यंतही जात नाही.

कुणी दचकलं नाही. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि शाळेतल्या पोरीला समजवावं तशा म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहे, पोरी. हळू बोल. तो उठून गेला तर आपलं ऐकणार कोण?"

ताई मला सांगते, त्या खोलीत भीती वाटली नव्हती एवढी तेव्हा वाटली. कारण तिला जाणवलं, की बाईंचं म्हणणं तिला पटतंय. आता गप्प बसावं, पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं, आत जाऊन सांगावं, हलकं व्हावं. आणि मशिनी गेल्या की तेही सांगावं. आणि मी गेलो की तेही.

ती घरी आली आणि माझ्याशी भांडली. पाण्याची बाटली कुठं ठेवलीस, इथपासून सुरुवात करून गेल्या कित्येक महिन्यांचं राहिलेलं सगळं भांडण तिनं त्या संध्याकाळी वसूल केलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग तिनं सगळी हकिगत सांगितली. मी नेहमीप्रमाणे मधे मधे बडबडत होतो, आणि बडबडताना म्हणालो, त्या माणसाला मजा आहे म्हणा, बोळातल्या दाराचा रखवालदारसुद्धा त्याला सलाम ठोकत असेल. ताई बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या भेटीच्या दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली. अधिवेशन संपलं होतं, बोळात गाड्या उभ्या होत्या, म्हणजे खरे साहेब आत होते. पीएनं मला बाहेर थांबायला सांगितलं. ताई म्हणाली, हा आजारी आहे, मी याला सोडत नाही. आम्ही दोघं पडद्याआड गेलो.

मी त्या माणसाला पहिल्यांदाच बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या डाव्या हाताकडे. मला वाटलं, माझं सगळं आयुष्य या अनोळखी माणसाला पाठ आहे. ताई त्याला म्हणाली, "तुम्हाला या इमारतीत कुठलंही दार अडवत नाही. आम्हाला प्रत्येक दार अडवतं. आज आम्हाला घेऊन चला."

तो म्हणाला, मला तिकडं जायला सांगितलेलं नाही. ताई म्हणाली, तुम्हाला आम्ही सांगतोय. इतक्या लोकांनी इतके दिवस सांगितलं, त्यातलं एक तरी ऐका.

त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तो उठला. उभा राहिल्यावर तो बुटका निघाला, पोस्टरवरच्या साहेबांपेक्षा बराच. खोलीच्या मागच्या भिंतीत एक दार होतं, त्यातून न जाता तो पडद्याकडे वळला आणि हॉलमध्ये आला.

हॉलमधली सगळी माणसं उठून उभी राहिली. तो कधीच बाहेर आला नव्हता. पीएनं फोन कानाला लावला होता, त्याचा हात तसाच राहिला. तो माणूस कुणालाही काही न बोलता मधून चालत मुख्य दारातून रस्त्यावर गेला आणि कोपऱ्यावरून बोळात वळला. मागे ताई, तिच्या खांद्यावर हात ठेवून मी. मागे वळून बघितलं तर बाई होत्या, काका होते, सगळा हॉल मागे येत होता. एवढी माणसं, पण पावलांखेरीज आवाज नाही. रस्त्यावरच्या दुकानदारांनी आम्हाला बघून माना खाली घातल्या. अंत्ययात्रेला वाट द्यावी तशी एका गाडीवाल्यानं गाडी बाजूला घेतली.

बोळातल्या सुरक्षारक्षकानं त्याला बघितलं आणि ताडकन सलाम ठोकला. दार उघडलं. मग मागची माणसं बघून त्याचा हात खाली येता येता अडकला. सगळी आत गेली तरी त्याचा हात तसाच कपाळापाशी होता.

आत गालिचा होता, थंड हवा होती, आणि उघड्या दाराच्या मोठ्या खोलीत खरे साहेब दोन पाहुण्यांबरोबर बसले होते. एक पाहुणा नव्या इस्पितळाचा मालक होता, हे नंतर कळलं. तो माणूस उंबऱ्यात उभा राहिला. पाहुण्यांनी वर बघितलं. इस्पितळवाला खुर्चीतून अर्धवट उठला, हसला, हात जोडले, मग शेजारी बसलेल्या साहेबांकडे बघितलं आणि हात जोडलेलेच ठेवून पुन्हा बसला. साहेबांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू गेला. बोटाला पट्टी होती, त्या हातानं त्यांनी टेबलाची कड धरली.

"यांना इथं कुणी आणलं?" ते म्हणाले.

"मी," तो माणूस म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला.

मी ते ऐकलंय. ताईनं सांगितलं तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती. पण तो बोलत असताना माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसांपैकी एकेकाला मी हलताना बघितलं. ज्याचा आवाज त्या तोंडातून यायचा, तो माणूस दचकून स्वतःच्या गळ्याला हात लावायचा. मग ताईचा आवाज आला. "भाऊ झोपला की मी…" ताईनं डोळे मिटले. आणि पुढचं वाक्य तिनं स्वतः म्हटलं, मोठ्यानं. तो माणूस लगेच गप्प झाला, जणू कुणी त्याच्या हातातलं ओझं घेतलं. ताई पुढे बोलत राहिली. दवाखान्यातला विभाग, मशिनी, चादर. यावर काय करणार ते सांगा, म्हणाली. नाही करणार असाल तर तसं सांगा, पण तुमच्या तोंडानं सांगा.

तिचं झाल्यावर बाई पुढे आल्या. त्यांचा हॉलमधला कुजबुजता आवाज गेला होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज परत आला होता. मग काका. मग तो तोतरा माणूस, ज्याला वाक्य संपवायला फार वेळ लागला आणि साहेबांना तेवढा वेळ थांबावं लागलं. पाहुण्यांना निघायचं होतं, पण बोळाच्या दारापर्यंत माणसं दाटली होती. शेवटी ते आतल्या दारानं, त्या टेबलाच्या खोलीतून आणि मुख्य हॉलमधून बाहेर पडले. इस्पितळवाला त्या रिकाम्या खुर्च्यांमधून जाताना आपले खिसे चाचपत होता म्हणे. काहीतरी हरवल्यासारखा.

साहेबांनी ऐकलं. ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती. मधे मधे तोडत होते, घाम पुसत होते, एकदा बाईंवर खेकसले. बाईही खेकसल्या. दिवस मावळायला आला तेव्हा त्यांनी आमच्यासमोर आरोग्य खात्यात फोन लावला. काकांना त्यांनी सरळ सांगितलं की खाण बंद करणं त्यांच्या हातात नाही. काका म्हणाले, हे आधी सांगितलं असतंत तर मी कोर्टात गेलो असतो.

या सगळ्यात तो माणूस कधी निघून गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमचा विभाग राहिला. दोन मशिनी गेल्याच, त्यामुळे आता पाळ्या लांबल्या आहेत आणि मला कधीकधी भल्या सकाळी जावं लागतं. ओढ्यावर पूल झाला, काकांचा खटला चालू आहे. बोळातलं दार साहेबांनी बंद केलं. स्वतःहून केलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसानंतर रक्षकाला कुणाला अडवायचं आणि कुणाला सलाम करायचा हेच कळेना, आणि बाईंनी तर रोज तिथं ठाण मांडायला सुरुवात केली होती. आता साहेब मुख्य हॉलमध्येच बसतात. एकच रांग असते. गाडीवाले, पायी येणारे, सगळे त्याच रांगेत. तिथं आता भरपूर भांडणं होतात. साहेब जांभया देतात, लोकांची नावं विसरतात, पुन्हा पुन्हा विचारतात. बऱ्याच जणांना नाही म्हणतात. काही जण तर उघड म्हणतात, पूर्वीचे साहेब बरे होते.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण ताई अजूनही आठवड्यातून एकदा दुपारी कुठंतरी जाते. विचारलं तर म्हणते, काम आहे. एकदा मी तिच्या मागोमाग गेलो. गावाबाहेर जुनं बसस्थानक आहे, नवं झाल्यापासून तिथं गाडी येत नाही. तिथल्या बाकावर तो माणूस बसला होता. मिशा काढल्या होत्या, चष्मा नव्हता. साहेबांशी आता त्याचं काहीच मिळत नव्हतं. दुसऱ्या बाकांवर सात-आठ माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती, रांगेनं, गप्प. बाईही होत्या. त्यांचं काम केव्हाच झालं होतं.

मी खांबाआड उभा राहिलो. बाई त्याच्यासमोर बसून बोलायला लागल्या, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो हळूहळू ओढला गेला, गाल बसले, हनुवटी पुढे आली. बाईंचं ऐकताना तो बाईंसारखा दिसत होता. मग ताई जाऊन बसली. तिची पाठ माझ्याकडे होती. तिच्या खांद्यावरून मला त्याचा चेहरा दिसला, आणि मी बघितलं ते असं, की ताईच माझ्याकडे बघत होती. आमच्या आईचे डोळे, ताईचं कपाळ, ती रडायच्या आधी ओठ जसा चावते तसा चावलेला ओठ. ती माझ्यासमोर तशी कधीच रडलेली नाही.

मी परत फिरलो. संध्याकाळी ती आली, पिशवीतून पाव काढले, माझा हात बघितला, गोळ्या घेतल्यास का विचारलं. मी विचारलं, कुठं गेली होतीस? ती म्हणाली, काम होतं. मी म्हणालो, ताई, माझ्याशी बोलत जा की. मला ऐकता येतं.

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग स्टूल ओढून समोर बसली. पण काय बोलायचं ते तिला सुचेना, आणि मला इतकं गप्प बसायची सवय नाही. थोड्या वेळानं मीच काहीतरी बडबडायला लागलो, आणि ती उठून कणीक मळायला गेली.